हलका हात

"पुन्हा एकच!" डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "रक्त पुरेसं पातळ झालं की हा आकडा दोन ते तीनच्या मध्ये यायला हवा. मी गोळी वाढवतोय, वाढवतोय, आणि हा आपला जागचा हलत नाही. बाई, खरं सांगा, गोळ्या देताय ना?"

तिची कानशिलं तापली. नवरा शेजारीच बसला होता. नजर स्वतःच्या चपलांकडे.

"माझ्या हातानं देते, डॉक्टर."

"पालेभाज्या? त्यांनी गोळीचा असर मरतो."

"घरातच येत नाहीत. कोथिंबीरसुद्धा बंद केलीय."

"मग औषध जातं कुठे? पायातली गुठळी एकदा फुप्फुसात गेलीच आहे. पुढची डोक्यात गेली, तर मग मला बोलायचं नाही." आणि त्यांनी गोळी आणखी वाढवून दिली.

नवरा घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून उंच स्टुलावर बसायचं, पाय लोंबकळत. त्या बसण्यानंच घात केला होता. हॉस्पिटलातून घरी आणला तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी ही गोळी गळ्यात पडली, आणि दर आठवड्याला रक्ताची तपासणीही.

तपासणीचा भार मात्र धाकट्या दिरानं उचलला होता. तसा तो उंडगा. एका नोकरीत टिकेल तर शपथ. पण भावावर जीव ओवाळून टाकायचा. स्कूटर दारात लावून हाक मारायचा, "चला घड्याळजी, तुमची वेळ झाली!" बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं.

"काय भाऊजी, मुलगी बघायला निघालात वाटतं?" ती चिडवायची.

"बघतोच आहे ना वहिनी, ती रक्त घेणारी. काय हात हलका आहे तिचा! दादाला कळतसुद्धा नाही."

हात हलका असणारच. हॉस्पिटलात सुई टोचायची म्हणजे नवऱ्याला दोघांनी धरावं लागायचं. एकदा तर सुई नुसती पाहूनच त्याला घेरी आली होती. आता शहाण्यासारखा जाऊन येत होता आणि कोपराच्या खळगीत डागसुद्धा दिसत नव्हता. त्या मुलीचं भलं होवो, असं तिला मनापासून वाटायचं.

डॉक्टरांकडून घरी आल्यावर तिनं गोळी त्याच्या जिभेवर ठेवली. वर पाणी पाजलं.

"आ करा. जीभ वर."

"मी काय तान्हं बाळ आहे?"

"बाळ परवडलं. ते निदान रडून सांगतं, काय होतंय ते."

तो हसला नाही. हल्ली हसतच नसे. तीही रडकुंडीला आली होती. थोरली नणंद फोनवर सरळ म्हणाली होती, "अगं, डॉक्टर काय खोटं बोलतील? तुझंच काहीतरी चुकत असणार." त्या दिवशी ती नळ मोठा सोडून रडली होती. या माणसाला जगवायचं, एवढं एकच काम तिच्याकडे होतं आणि तेच तिला जमत नव्हतं.

मग त्याच्या मांडीवर निळा डाग दिसला.

"टेबल लागलं," तो म्हणाला.

दुसरा डाग पाठीवर. पाठीला कुठलं टेबल लागतंय? एका सकाळी त्यानं दात घासले आणि बेसिन लाल झालं. तिनं दवाखान्यात फोन लावला. तिकडची मदतनीस वैतागली.

"अहो बाई, रक्त पातळ झालेलंच नाहीये त्यांचं. रिपोर्ट बघा की. दाताच्या डॉक्टरकडे न्या."

रिपोर्टपुढे आपली अक्कल कशाला पाजळायची, असं म्हणून तिनं फोन ठेवला. काल दोघं भाऊ पुन्हा तपासणीला जाऊन आले. संध्याकाळी रिपोर्ट आला. एकच.

आज सकाळी त्याच्या हातातून कप सुटला. डोकं फुटतंय म्हणाला, पुढचं बोलणं अडखळलं आणि मान एका बाजूला कलली. गेली! गुठळी डोक्यात गेली! तिनं टाहो फोडला, शेजारी धावले, गाडी आली. आजची गोळी तरी घशाखाली गेलीय, हॉस्पिटलच्या वाटेवर तेवढाच तिला धीर.

नणंद तिच्या आधीच पोचली होती. दोघी एका बाकावर बसल्या, मध्ये हातभर अंतर ठेवून.

दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आली. वयानं लहान, चेहरा ओढलेला.

"गुठळी नाहीये. मेंदूत रक्तस्राव झालाय. रक्त इतकं पातळ झालंय की आमच्या मशीनला आकडा दाखवता येत नाही. किती गोळ्या दिल्यात तुम्ही?"

"सांगितल्या तेवढ्याच." तिनं पिशवीतून कागद काढला. "काल तर रिपोर्ट एक होता. हा बघा."

डॉक्टरीणबाईनं रिपोर्ट पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. "एका रात्रीत असं होत नाही. घरात आणखी कोण देतं गोळ्या?"

"मीच. फक्त मीच."

नणंद बाकावरून उठली. "काय केलंस गं तू माझ्या भावाला?"

खरंच, काय केलं आपण? मोजताना चुकलं? वेड लागलं की काय आपल्याला?

"रक्त पुन्हा घेऊन बघते," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि नर्सला हाक मारली.

तेवढ्यात दीर कामावरून धावत आला. धाप लागलेली, डोळे लाल. नर्सच्या हातातली सुई पाहिली आणि तो तिच्या आडवाच आला. मनगटाचं बटण काढून त्यानं बाही कोपराच्या वर सारली. खळगीत कालची चिकटपट्टी तशीच होती. तिच्याभोवती जुने ठिपके होते, काही हिरवट, काही काळे पडलेले.

"नका हो त्याला टोचू, फार घाबरतो तो," तो रडत म्हणाला. "नेहमीसारखं माझंच घ्या."