आवाज गेलेली क्लिप

क्लिप तिसऱ्यांदा कन्व्हर्ट झाली आणि याही वेळी आवाज गायबच. मृदुलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मोबाइलवरचा व्हिडिओ स्लाइडमध्ये चालेना म्हणून हा सगळा खटाटोप, आणि दुपारी तर त्यांच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेचे देणगीदार येऊन बसणार होते.

क्लिपमध्ये दहावीतली शर्वरी सहलीत पहिल्यांदा पाहिलेला समुद्र खुणांच्या भाषेत सांगत होती. कॅमेऱ्यामागून बाई प्रत्येक खुणेचा अर्थ बोलून सांगत होत्या. नेमकं तेवढंच उडालं होतं.

शेजारी बसलेल्या शर्वरीने त्यांचा दंड हलवला. "काय झालं?" तिने खुणेने विचारलं.

"आवाज गेला गं," बाईंचे हात म्हणाले.

शर्वरीने क्लिप पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट पाहिली. क्लिपमधल्या तिच्या हातांतून लाट उठली, फुटली, परतताना पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली. "माझं तर सगळं आहे की," तिने खुणावलं. "मग गेला कुणाचा?"

बाईंनी क्लिप आहे तशीच स्लाइडमध्ये टाकली. मग त्यांनी हळूच लॅपटॉप मिटला.

दुपारी पडद्यावर शर्वरी आली. "अहो, आवाज वाढवा जरा!" मागून कुणीतरी ओरडलं. बाई अर्थ सांगायला उठणार होत्या, पण पदर सावरून बसूनच राहिल्या. हळूहळू कुजबुज थांबली, माना पुढे झाल्या. पायाखालची वाळू सरकली तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी नकळत आपले दोन्ही पाय वर उचलून घेतले.