भाऊ मागत नाही

लंडनच्या कुणा डॉक्टरसाहेबांना सगळ्याच्या सगळ्या झोपड्या हव्या होत्या. भाडं ते दुप्पट पाठवणार होते. वरचे पैसे लांगीने त्यांच्या गाडीवाल्याला चुकते करायचे, एवढंच. लांगीने मेल पुसून टाकली. समुद्रकाठी पाहुण्यांना झोपड्या भाड्याने देणाऱ्या बाईला असे डॉक्टर आठवड्याला भेटतात. खरं गिऱ्हाईक मात्र महिनोन्महिने फिरकत नाही.

घरापुढच्या सिमेंटच्या ओट्यावर चटई टाकून ती बसली होती. फोनला रेंज तिथेच मिळते, असं ती सांगायची. पाहुण्यांनी ओट्यावर ओले टॉवेल वाळत घातले तरी ती काही म्हणत नसे. पण कुणी बिअरची बाटली टेकवली की त्याला उठवून लावी.

पुढची मेल बँकेच्या नावाने. पुसली. त्यापुढची लॉटरीची. तीही पुसली. ठकांचा वास तिला कोसभरावरून यायचा. गावातले दुकानदार आपापले फोन घेऊन तिच्याकडेच यायचे.

मग फेतूच्या नावाची आली. ‘ताई, ऑकलंडच्या इस्पितळात आहे. ऑपरेशनला पैसे कमी पडताहेत. कुणाला सांगू नकोस.’

लांगीने ती पुन्हा वाचली आणि लिहिलं, ‘पाठवते. नीट जेवतोस ना?’

दुपारी मालिया आली. ही तिची चुलतबहीण, गावात परदेशी पैसे पाठवायच्या खिडकीवर कामाला. लांगीने तिच्या हातात गरम कोको दिला आणि शेजारी पैशांचं पाकीट ठेवलं.

“हे छपरांचे ना?” मालियाने विचारलं.

“फेतूला पाठव.”

“आणि छपरं? नाताळात पाहुणे काय छत्री उघडून झोपणार आहेत?”

“बघू.”

“बघू काय? हा हंगाम बुडाला तर धंदा गुंडाळावा लागेल, हे तूच म्हणालीस.”

“म्हणाले खरी.”

मालियाने कोको खाली ठेवला. “गेल्या महिन्यात हा सिडनीच्या तुरुंगात होता. आज ऑकलंडच्या इस्पितळात.”

“एका जागी टिकला कधी तो?”

“थट्टा पुरे, लांगी. आपल्या सामोआत भाऊ बहिणीला देतो. मागत नाही. मेला तरी मागत नाही.”

“मीही तेव्हा हेच म्हटलं होतं,” लांगी म्हणाली. “पहिली मेल आली तेव्हा. म्हटलं, फेतू आणि माझ्याकडे हात पसरणार? कुणी ठकच असणार. पुसली. पुन्हा आली, पुन्हा पुसली.”

लांगीने चटईची सुरकुती हाताने सरळ केली.

“ती त्याचीच होती.”

“तुला काय माहीत होतं गं?”

“नव्हतं. म्हणून आता त्याच्या नावाची एकही पुसत नाही.”

“नावं कुठूनही उचलतात हे लोक.”

“उचलू देत. ताई म्हणून लिहितात ना?”

मालियाचे डोळे भरून आले. आता भांडून उपयोग नव्हता. तिने पाकीट पर्समध्ये टाकलं, लांगीच्या खांद्यावर हात ठेवला आणि बसच्या रस्त्याला लागली.

वारा सुटला होता. कडेच्या झोपडीच्या छपराची झावळी उडून वाळूत पडली. लांगीने ती उचलली नाही. पुढच्या वर्षी इथे झोपड्या नसणार, हे तिला कळत होतं. आई-बापाच्या हातचा धंदा आपल्या हाताने बुडवल्याचं वाईटही वाटत होतं. पण उद्या पुन्हा मेल येणार होती, आणि तिचं उत्तर ती लिहिणारच होती.

तिने चटई गुंडाळली. खाली कोकोचा ओघळ गेला होता. ओलं फडकं आणून तिने ओटा पुसायला घेतला. आधी सिमेंटात कोरलेलं फेतूचं नाव पुसलं, मग त्याच्या जन्माची तारीख, मग मरणाची.