केसभर

"व्यवसाय काय तुमचा?" तरुण डॉक्टरने ताईला विचारलं आणि शेजारी बसलेल्या धाकट्या भावाच्या अंगाचा तिळपापड झाला.

व्यवसाय! जिच्या गाण्यांवर एका अख्ख्या पिढीने प्रेमं केली, लग्नं केली, पोरं निजवली, तिला ही कालची पोर व्यवसाय विचारत होती. भावाने सारा जन्म ताईच्या डाव्या हाताला बसून व्हायोलिन वाजवलं होतं. लोक आधी गाणं ओळखायचे, मग ताईला, आणि त्यातून काही उरलंच तर त्याला. तेवढ्यावर तो खूश होता. पण हल्ली तेही आटत चाललं होतं. आज सकाळपासून त्याने टॅक्सीवाल्याला विचारलं होतं, लिफ्टवाल्याला, रक्त काढणाऱ्या मुलीलाही. "यांना ओळखलंत का?" तिघांनीही नुसतं कसंनुसं हसून वेळ मारून नेली होती.

"गात होते," ताई म्हणाली. आवाज घोगरा, खरवडल्यासारखा.

"हो का? छान," म्हणत डॉक्टर स्क्रीनकडे वळली. तिथे ताईच्या गळ्याचा आतला फोटो होता. तिने त्यावर बोटाने एक मोठं वर्तुळ काढलं. "गाठ परत आलीय. या वेळी स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. आवाज जाईल, पण जीव वाचायची चांगली आशा आहे."

अक्कलदाढ काढायची असावी इतक्या सहज बोलली ती.

"कुणाचा गळा आहे हा, कल्पना तरी आहे का तुम्हाला?" भाऊ कडाडला.

"अरे, राहू दे ना," ताईने त्याची बाही ओढली. "नाही ओळखलं तर नाही ओळखलं. मुकी राहीन मी. पण मला जगायचंय रे."

हे ती टॅक्सीतही म्हणाली होती. तेव्हाही त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. ताईचा आवाज म्हणजेच ताई, यापलीकडे त्याला काही सुचत नव्हतं. त्याने खिशातून मोबाइल काढला, गाणं लावलं आणि मोबाइल, हेडफोन दोन्ही डॉक्टरच्या पुढ्यात आदळले.

"आधी हे ऐका. मग हत्याराला हात लावा. आणि ऑपरेशन मोठे डॉक्टरच करतील, मी आत्ता बोलतो त्यांच्याशी."

तो तावातावाने निघाला. मोठे डॉक्टर म्हणजे माणूस होता माणूस! गेल्या वर्षी ताईला दारात पाहताच ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते. नर्सना बोलावून बोलावून त्यांनी ताईच्या पाया पडायला लावलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भाऊ जुना टेपरेकॉर्डर बगलेत मारून त्यांच्या खोलीत गेला होता. डॉक्टरांना हेच गाणं पुरतं ऐकवलं होतं, चाकू कुठे फिरणार आहे याचं भान राहावं म्हणून. डॉक्टरांच्या डोळ्यांना धार लागली होती. "या आवाजाला धक्का लागू देणार नाही," असा शब्द त्यांनी दिला होता, आणि पाळलाही होता.

आज मात्र त्याला पाहताच मोठ्या डॉक्टरांनी मान खाली घातली.

"तुम्हीच करा ऑपरेशन," भाऊ म्हणाला. "त्या पोरीला ताई कोण हे ठाऊकसुद्धा नाही."

"म्हणून तर तिच्याकडे पाठवलं."

"म्हणजे?" भाऊ पुढे सरकला.

"गाठ काढताना भोवतालचा थोडा चांगला भागही कापावा लागतो," डॉक्टर हळूहळू बोलू लागले. "हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवत आलो. पण त्या दिवशी टेबलाशी उभा होतो आणि डोक्यात तुम्ही ऐकवलेलं गाणं चालू होतं. त्यातली ती वर चढणारी तान. पुढे कापायचं जिवावर आलं माझ्या. केसभर आधी थांबलो. त्या केसभर जागेतूनच गाठ परत आलीय."

भावाने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"दुसऱ्या कुणाची बहीण असती तर मी हात आखडता घेतला नसता. आता आणखी एक चूक परवडणार नाही, तिसऱ्यांदा कापायला काही उरणारच नाही. म्हणून एकेका सर्जनला खोलीत बोलावून ताईंचं नाव विचारलं. सगळ्यांना माहीत होतं. कुणाची आई गायची, कुणाच्या घरी कॅसेटी होत्या. कोरी अशी ही एकटीच निघाली. तिला काही सांगू नका. ऐकवू तर मुळीच नका."

भाऊ धावत सुटला. या वयात तो शेवटचा कधी धावला होता, देव जाणे. बाकांवरची माणसं पाय आवरून घेत होती, कुणीतरी "अहो आजोबा, जपून" म्हणालं. त्याच्या मनात एकच होतं. गाणं मोठं आहे, अजून तानेपर्यंत आलं नसेल.

त्याने दार ढकललं. ताई भिंतीकडे तोंड करून बसली होती. डॉक्टर हेडफोन लावून डोळे मिटून ऐकत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"बंद करा ते!" तो ओरडला. ताईच्या गाण्यासाठी हे शब्द त्याच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघाले होते.

डॉक्टरने दचकून हेडफोन काढले, डोळे पुसले. "मला माहीतच नव्हतं हो," ती म्हणाली. "माफ करा मला." मग तिने स्क्रीनवर तो फोटो पुन्हा मोठा केला. मघाचंच बोट फिरू लागलं, पण आता जपून, अडखळत, आणि कडेशी येऊन ते थांबलं.

"सगळंच काढायला नको," ती म्हणाली. "इथे केसभर जागा सोडता येते का, बघते मी."