टिकवता आलं पाहिजे

"देठ पाण्यात बुडवून काप. आणि तिरका," सासूबाई म्हणाल्या. माझा डावा डोळा सुजून मिटला होता, उजव्यानेच बघून मी कापत होते.

काल नवऱ्याने माझं डोकं ओट्यावर आपटलं होतं. आज सकाळी, दर वेळेसारखाच, निशिगंधाची जुडी घेऊन आला. फुलं ताजी असेपर्यंत तो हात उचलत नाही. ती सुकली, की पुन्हा लाथाबुक्क्या.

"पाण्यात चमचाभर साखर घाल, थोडं लिंबू पीळ. पाणी रोज बदल. आणि जवळ पिकली केळी नकोत, फुलं लगेच माना टाकतात."

"तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

त्यांनी आपल्या, कधीकाळी मोडून वाकड्या बसलेल्या मनगटावरून हात फिरवला. "तुझे सासरे गुलाब आणायचे. एकदा मी पंधरा दिवस टिकवले. बाईला टिकवता आलं पाहिजे गं."

मी त्या मनगटाकडे पाहिलं. मग कात्री उचलली आणि निशिगंधाच्या सगळ्या माना छाटून टाकल्या.

बाहेर नवऱ्याची स्कूटर थांबली. सासूबाईंनी खलातला बत्ता उचलला, मला मागे सारलं आणि स्वतः दार उघडायला गेल्या.