बुधवारचा फोन

फोन वाजला तशी प्रमुखबाईंनी दुसरा हेडफोन कानाला लावला आणि आपली खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढली.

"तेच असतील बघ. तुझे बुधवारचे काका," त्या हळूच म्हणाल्या. "आज त्यांना सापडलं, तर जगात कुणालाही सापडेल."

ती हसली.

कंपनी चष्म्याच्या दुकानांसाठी प्रोग्रॅम बनवायची, आणि तो कसा वापरायचा हे सांगणारी मदतीची पानं ती लिहायची. पानं लिहिणाऱ्याने बुधवारी फोनवर बसायचं, अशी तिथली रीत होती. लोक नेमके कुठे चुकतात ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं. हे काका दर बुधवारी चुकत, तेही एकाच जागी. जुन्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर कसा शोधायचा, ते पानच त्यांना सापडत नसे. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं प्रमुखबाई म्हणायच्या. काका म्हणजे तिचे वडील, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

वडिलांचं चष्म्याचं दुकान सोडून ती या नोकरीवर निघाली तेव्हा "परत या दुकानाची पायरी चढायची नाही" असं ते म्हणाले होते, आणि तीही "नाही चढणार" म्हणाली होती. दोघंही शब्दाला पक्की. पुढे दुकानात त्यांनी नेमका याच कंपनीचा प्रोग्रॅम का घेतला, हे तिने कधी विचारलं नाही. फोनवर ते तिला मॅडम म्हणत आणि ती त्यांना सर म्हणे.

"सगळं ठीक चाललंय ना, सर?" ती विचारी. "प्रोग्रॅमचं म्हणतेय मी."

"चाललंय. आताशा जरा हळू चालतो," ते म्हणत. "प्रोग्रॅम."

एवढ्यावर तिचा आठवडा निघे. म्हणून बाकीची सगळी पानं तिने सरळ केली होती, ते एक तेवढं वाकडं ठेवलं होतं. 'व्यवस्थापन'च्या पोटात 'नोंदी', नोंदींच्या पोटात 'इतर', आणि त्या 'इतर'च्या तळाशी ते बिचारं पान. पण कुणीतरी सारखं तिथेच अडकतंय हे शेवटी प्रमुखबाईंच्या नजरेत आलंच. पुढच्या बुधवारच्या आत दुरुस्त कर, असं त्यांनी बजावलं. तिने केलं, आणि जीव ओतून केलं. हातचं राखून काम करणं तिला जमत नसे. ही खोडही वडिलांचीच.

"नमस्कार सर, काय मदत करू?"

"मॅडम, ते आपलं जुन्या गिऱ्हाइकाच्या नंबरचं..."

"पान आता बदललंय, सर. डाव्या हाताची यादी बघा."

पलीकडून माउसची टकटक ऐकू आली. चष्मा कपाळावर सरकवून, नाक स्क्रीनला टेकवून ते वाचत असणार. साऱ्या जगाच्या डोळ्यांवर चष्मे चढवले, पण स्वतःचा कधी धड नाकावर राहिला नाही. 'चष्मा खाली घ्या, बाबा' हे अगदी ओठांवर आलं होतं. शेजारी प्रमुखबाई कान देऊन बसल्या होत्या, म्हणून तिने ते गिळलं.

"अरेच्चा," ते म्हणाले. "ते 'इतर' कुठं गेलं?"

"काढून टाकलं."

"बरं केलं. 'फ्रेमा. काचा. दुरुस्ती...'" ते एकेक शब्द मोठ्याने वाचत गेले आणि मध्येच थांबले. "मॅडम, ही तर आमच्या काउंटरच्या खणांची रांग आहे. वरपासून खालपर्यंत. तश्शीच."

"हो, सर."

"कुणी लावलीय?"

"मी."

आत्ताच्या आत्ता उठावं आणि त्या काउंटरमागे जाऊन उभं राहावं, असं तिला इतकं वाटलं की तिने टेबलाची कड घट्ट धरली. दुसरा खण ओढताना अडकतो. तो जरा उचलून ओढावा लागतो. अजून तसाच असेल का, एवढं तरी तिला विचारायचं होतं.

"म्हणजे सगळ्यांत खालचा खण," ते शेवटी म्हणाले. "'जुने नंबर.'" टकटक झाली. "सापडलं."

प्रमुखबाईंनी अंगठा वर केला, हेडफोन टेबलावर ठेवला आणि बातमी द्यायला पलीकडच्या खोलीत पळाल्या.

लाइनवर आता ती दोघंच राहिली. काम फत्ते झालं होतं आणि तिला रडू येत होतं. त्यांनी पुन्हा फोन करावा असं एकही कारण उरलं नव्हतं. जे होतं ते तिने स्वतःच्या हातांनी मिटवलं होतं. फोन ठेवण्याआधी विचारायचं एक ठरलेलं वाक्य असे, तेवढंच तिच्या हाती राहिलं होतं.

"सर, आणखी काही मदत हवी होती का?"

दुकानात कुणीतरी आल्याचा आवाज झाला. "बसा हं, आलोच," ते गिऱ्हाइकाला म्हणाले. मग त्यांनी फोन तोंडाजवळ धरला असावा, कारण त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला.

"मॅडम," त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या या पानांत अजून अवघड असं काही राहिलंय का?"