मुलगी कुणाच्या नावावर?

"मुलगी तुमच्यापैकी कुणावर अवलंबून आहे?" न्यू जर्सीतल्या करसल्लागार गुप्तेबाईंनी विचारलं.

"माझ्यावर!" मकरंद आणि ऋजुता एकदमच म्हणाले. वेगळे राहायला लागल्यापासून दोघांचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं. त्यांची मुक्ता बॉस्टनला शिकत होती आणि करात सवलत मिळवायला तिचं नाव दोघांपैकी एकालाच दाखवता येणार होतं.

"फी तर शिष्यवृत्तीतून जाते. मग राहण्याखाण्याचा खर्च कोण करतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ऋजुता हळूच म्हणाली, "मला वाटलं, हाच पाठवतो. विचारलं की ती म्हणायची, सोय झालीये."

"मलाही तेच सांगायची!" मकरंद म्हणाला. किती महिने तो मनातल्या मनात ऋजुतावर जळत होता.

घाबरून त्यांनी मुक्ताला स्पीकरवर फोन लावला.

"मीच करते खर्च," ती म्हणाली. "सकाळी बेकरीत केक सजवते, संध्याकाळी तबला शिकवते. तुम्ही माझ्यावरून पुन्हा भांडाल म्हणून बोलले नाही. आणि यंदा माझा कर मीच भरतेय!"

"मग तुम्हा दोघांनाही तिचं नाव लावता येणार नाही," गुप्तेबाईंनी निकाल दिला.

ऋजुताला हसू फुटलं, ते आवरेचना. मकरंदने टेबलावर थाप मारली. "आपली पोरगी कर भरते!" तो ओरडला. बाहेर बसलेली माणसं दचकून बघायला लागली.

पार्किंगमध्ये आल्यावर त्याने विचारलं, "बॉस्टनला पोचायला किती वेळ लागेल गं?"

"संध्याकाळपर्यंत पोचू," असं म्हणत ऋजुता त्याच्या गाडीत पुढे जाऊन बसलीसुद्धा.