पिवळ्या शालीची चेटकीण

रविवारी मित्र खेळायला जमले, तेव्हा त्याने स्वतः रचलेली नवी चेटकीण पटावर मांडली. मूर्ती अंगठ्याएवढी, पण रंगवायला आठवडाभर खपला होता. हातात काठी, अंगावर पिवळी शाल. तिचे नियमही त्याच्याच डोक्यातले: दर डावाला ती एकच घर चालणार, वर मंत्र म्हणताना अडखळणार. त्याने तिचा तोतरा आवाज काढून दाखवला आणि मित्रांची हसून मुरकुंडी वळली.

मग एकेकाचं हसू थांबत गेलं. त्याने वळून पाहिलं. त्याला लहानाचं मोठं करणारी ताई काठी टेकून दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

ती हळूहळू टेबलापाशी आली. मूर्ती उचलून तिने चष्म्याजवळ नेली.

"माझी श... शाल अगदी हुबेहूब जमलीये रे."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, अगं..."

"हिला मारायचं असतं का?"

त्याला मान वर करवेना. शेवटी एक मित्रच पुटपुटला, "हो."

ताईने मूर्ती अलगद जागेवर ठेवली.

"मग ल... लवकर मारा. चालताना फार दुखतं तिला."